क्लच दाबल्यावर

जुनी जीप उभी आहे, इंजिन संथपणे चालू आहे, चालकाने क्लच पुरता दाबून पहिला गिअर घालण्यास हात पुढे केला आहे, आणि नेमक्या त्याच वेळी पायाखालच्या पत्र्याखालून एक बारीक, किरकिरा, मधूनच किंचाळीकडे झुकणारा स्वर निघतो; क्लच सोडला आणि गाडी चालू लागली की तो असा समूळ लोपतो की, मालकाने गॅरेजात जाऊन तक्रार मांडावी तरी कशाच्या बळावर, असा प्रश्न पडावा. यंत्राचे बहुतेक विकार श्रमाच्या वेळी बोलतात. चढावर इंजिन ठोकू लागते, वळणावर चाकाचे बेअरिंग घुमते, खड्ड्यात पाटे कुरकुरतात. हा विकार मात्र विसाव्याच्या वेळी बोलतो, आणि त्याचे कारण असे की ज्या भागाचा तो विकार आहे त्या भागाला कामच मुळी विसाव्याच्या वेळी असते. गॅरेजच्या बोलीत त्याला पायलट बेअरिंग म्हणतात. जुन्या जीपमध्ये ते गोळ्यांचे बेअरिंग नसून अंगठ्याच्या पेराएवढा कांस्याचा एक बुश असतो. त्याच्यावर ना कोठे वंगण घालण्याची निप्पल, ना तो दिसावा म्हणून एखादे झाकण. आणि त्याच्यापर्यंत पोचायचे तर गाडीचा अर्धा संसार खाली उतरवावा लागतो.

त्याची योजना समजून घेतली म्हणजे पुढचा सगळा उद्योग समजतो. इंजिनाचा क्रँकशाफ्ट मागच्या टोकाला फ्लायव्हील धारण करून फिरत असतो. गिअरबॉक्समधून एक दुसरा दंड, म्हणजे क्लच शाफ्ट, पुढे येतो आणि त्याच्या दात्यांवर क्लच प्लेट बसते. या दुसऱ्या दंडाचे मागचे अंग गिअरबॉक्सच्या भिंतीतील भक्कम बॉल बेअरिंगने धरलेले असते. परंतु पुढचे टोक हवेत लोंबकळत ठेवता येत नाही, कारण तसे ठेवले तर प्लेट डगमगेल, गिअरचे दाते तिरके घासतील आणि ते एकटे बेअरिंग अकाली खिळखिळे होईल. म्हणून क्रँकशाफ्टच्या शेवटास मधोमध एक भोक पाडून त्यात बुश ठोकलेला असतो, आणि क्लच शाफ्टचे बारीक केलेले नाक त्या बुशात टेकते. गाडी चालत असताना दोन्ही दंड एकाच वेगाने फिरतात. बुश आणि नाक यांच्यात गतीचा फरक शून्य असतो. चालकाने क्लच दाबला की एक दंड फिरता राहतो, दुसरा मंदावतो किंवा अजिबात थांबतो, आणि तेवढ्या अवधीपुरता हा बुश खऱ्या अर्थाने बेअरिंग होतो. हजारो मैलांच्या प्रवासात त्याची सेवा काही तासांची भरेल. पण ती बिघडली तर गाडी उभ्या जागी हट्ट धरून बसते.

हा सर्व प्रकार नीट पाहावा तर कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात पाहावा. ओतशाळा, लेथ, वेल्डिंगची दुकाने आणि सुट्या भागांची कपाटे एकमेकांच्या अंगाला अंग लावून असलेल्या या वसाहतीत, मोटारीचा एखादा भाग बाजारात मिळाला नाही तर तो घडवून घेण्याची सोय हाकेच्या अंतरावर असते, आणि म्हणूनच जुन्या जीपचे मालक गडहिंग्लज, राधानगरी, गगनबावड्याकडून आपल्या गाड्या इकडे घेऊन येतात. ज्या गाडीचे काम मी पाहिले ती महिंद्राची सीजे-३बी बनावटीची पेट्रोल जीप होती. सरकारी दप्तरात तिचे आयुष्य गेले, मुदत संपल्यावर लिलावात ती एका ऊस-उत्पादक कुटुंबाने घेतली, आणि मळ्यापासून कारखान्यापर्यंतच्या फेऱ्यांत ती अद्याप हजेरी लावते आहे.

या जातीचा इतिहास थोडा सांगितला पाहिजे. दुसरे महायुद्ध संपल्यावर अमेरिकी लष्कराच्या ज्या जीपा डिस्पोजलच्या बाजारात आल्या त्यांनी या देशाला त्या वाहनाची चटक लावली. सन १९४५ मध्ये लुधियाना येथे महिंद्र बंधू आणि मलिक गुलाम महंमद यांनी ‘महिंद्रा अँड मोहम्मद’ ही पेढी काढली. फाळणीनंतर गुलाम महंमद पाकिस्तानात जाऊन तेथील पहिले अर्थमंत्री व पुढे गव्हर्नर जनरल झाले, आणि १९४८ मध्ये पेढीचे नाव ‘महिंद्रा अँड महिंद्रा’ असे बदलले. विलिस कंपनीकडून सुट्या भागांच्या स्वरूपात येणाऱ्या जीपा मुंबईत जुळवण्यापासून या पेढीने वाहनांच्या धंद्यास आरंभ केला. सीजे-३बी हे विलिसने १९५३ मध्ये बाजारात आणलेले रूप. तिचे नाक इतर जीपांपेक्षा उंच दिसते, कारण तिच्यातील ‘हरिकेन’ इंजिनात आत घेणाऱ्या झडपा माथ्यावर चढवल्यामुळे इंजिनाची उंची वाढली आणि तिच्यासाठी बॉनेट वर उचलावे लागले. अमेरिकेत तिचे उत्पादन १९६८ मध्ये थांबले. आपल्याकडे तिचा चेहरा आणि तिची वंशावळ त्यानंतर कित्येक दशके चालत राहिली. जिल्हा परिषदा १९६२ मध्ये अस्तित्वात आल्यानंतर गटविकास अधिकाऱ्याचा दौरा आणि जीप ही जोडी ग्रामीण महाराष्ट्राच्या इतकी अंगवळणी पडली की, धुरळा उठला की शाळामास्तर टोपी सावरीत. आता सरकारी मालकीच्या पंधरा वर्षांपुढील वाहनांची नोंदणी १ एप्रिल २०२३ पासून नूतन होत नाही; खासगी मालकाला मात्र पंधरा वर्षांनंतर तपासणी करून घेऊन पाच-पाच वर्षांची मुदत वाढवून मिळते. सरकारदरबारी मेलेली ही गाडी मळ्यात जिवंत आहे ती या फरकामुळे.

मिस्त्री हे साठीच्या आसपासचे, कानात अत्तराच्या फायाऐवजी पेन्सिलीचा तुकडा अडकवणारे गृहस्थ. त्यांनी गाडीला हात लावण्यापूर्वी बराच वेळ नुसते ऐकले. मालक आपला निष्कर्ष सोबत घेऊनच आले होते.

“मिस्त्री, गिअरबॉक्स गेलाय बघा. पैला गिअर पडतच न्हाई, खर्रकन वाजतोय.”

“मालक, जरा दम धरा. इंजिन चालू करा. न्यूट्रलमधी ऱ्हाऊ द्या, आणि पाय वर घ्या. आता क्लचवर नुसतं बोट टेकल्यागत पाय टेका. आता पुरता दाबा. आता गिअर घाला.”

या आज्ञांत सगळे निदान साठवलेले होते. न्यूट्रलमध्ये पाय वर असताना क्लच शाफ्ट इंजिनाबरोबर फिरतो. त्या वेळी आवाज आला असता आणि क्लच दाबताच थांबला असता तर दोष गिअरबॉक्सच्या पुढच्या बॉल बेअरिंगकडे जाता. पाय नुसता टेकताच आवाज उमटला असता तर रिलीज बेअरिंग गुन्हेगार ठरते, कारण प्रेशर प्लेटच्या बोटांना ते त्याच क्षणी भिडते. येथे दोन्ही वेळा शांतता होती. पेडल तळाला गेल्यावर आणि क्लच शाफ्ट मंदावल्यावर तो किरकिरा स्वर आला, आणि गिअर घालताना दाते खरखरले. जुन्या जीपच्या तीन गिअरच्या पेटीत वरच्या दोन गिअरना सिंक्रोमेशची सोय आहे, पहिल्याला आणि रिव्हर्सला नाही. म्हणून बुशाने नाक आवळून धरले आणि क्लच दाबूनही शाफ्ट इंजिनाबरोबर फरफटत फिरत राहिला की, त्याची वाच्यता सर्वांत आधी पहिल्या गिअरमध्ये होते. तरीही मिस्त्रींनी निकाल दिला नाही. पेडलची मोकळी चाल पाहिली, क्लचचे दांडे आणि त्यांच्या खुंट्या झिजल्या आहेत का ते हलवून पाहिले, कारण क्लच पुरता सुटत नसेल तर हीच लक्षणे बुश निर्दोष असतानाही दिसतात. माझ्या मते या सबंध कामात कौशल्य म्हणावे ते एवढ्या टप्प्यातच होते. पुढील सर्व मेहनत कोणताही दणकट तरुण करू शकतो. परंतु निदान चुकले तर तीच मेहनत त्याला दुसऱ्यांदा फुकट करावी लागते, आणि आजच्या पुष्कळ कार्यशाळांत हे टाळण्याचा उपाय म्हणून तिन्ही बेअरिंगे, प्लेट आणि प्रेशर प्लेट सरसकट बदलून बिल फाडण्यात येते. तो उपाय मूर्खपणाचा नाही, पण त्यात ऐकण्याची गरज उरत नाही.

उतरवणीचे वर्णन फार लांबवण्यात अर्थ नाही. बॅटरीची तार सुटली, मधला पत्रा निघाला, गिअरचे व ट्रान्सफर केसचे दांडे उचलले गेले, तेल डब्यात काढले, दोन्ही प्रोपेलर शाफ्ट सुटले, स्पीडोमीटरची केबल आणि हँडब्रेकची ओढ निघाली. कारण या जीपचा हँडब्रेक चाकांवर नसून ट्रान्सफर केसच्या मागच्या ड्रमवर असतो. एक गोष्ट तेवढी सांगण्याजोगी. इंजिनाचा मागचा भार गिअरबॉक्सखालच्या आडव्या पट्टीवरच विसावलेला असल्यामुळे ती पट्टी काढण्यापूर्वी इंजिनाला स्वतंत्र जॅकचा आणि लाकडी गुटक्यांचा आधार द्यावा लागतो. आणि गिअरबॉक्स मागे ओढताना तो सरळ रेषेत ओढावा लागतो; वजन क्षणभरही क्लच शाफ्टवर लोंबकळू दिले की प्लेटचा गाभा वाकतो आणि नव्या दुखण्याची पायाभरणी होते. खड्ड्यात उतरलेले दोन तरुण आणि वरून दांडे सांभाळणारा तिसरा यांच्यात “हळू”, “थांब”, “डावीकडं घे” एवढ्याच शब्दांचा व्यवहार चालला होता. मग बेल हाउसिंग, प्रेशर प्लेट, क्लच प्लेट. दुपारच्या जेवणाच्या वेळेस फ्लायव्हीलच्या मधल्या भोकातून तो बुश प्रथम दिसला: काळवंडलेला, एका बाजूने अंडाकृती झिजलेला, आणि तांब्याचा तांबूस चुरा कडेने साठलेला.

आता तो काढायचा कसा? मागच्या बाजूने ठोकता येत नाही, कारण मागे क्रँकशाफ्टचे बंद पोट आहे. पुढून पकडायला काठ नाही. छिन्नीने चिरता येतो, पण छिन्नी निसटली तर क्रँकशाफ्टच्या भोकाला ओरखडा बसेल आणि एका क्षुल्लक बुशापायी सबंध इंजिन उघडण्याची पाळी येईल. ओढून काढण्याची खास हत्यारे मिळतात. उद्यमनगरात मात्र त्याहून जुनी युक्ती रूढ आहे. भोक आणि बुश ग्रीसने गच्च भरायचे, बोटाने दाबून दाबून, हवेचा बुडबुडा उरू न देता. मग बुशाच्या भोकात घट्ट बसेल असा दांडा घालून त्यावर हातोडा मारायचा. यासाठी मिस्त्रींकडे दुसऱ्या एका जीपचा, दाते तुटल्यामुळे निकामी झालेला क्लच शाफ्ट जपून ठेवलेला आहे. त्याचे नाक अर्थातच नेमक्या मापाचे. पहिला घाव बसला, थोडे ग्रीस उडाले. पुन्हा ग्रीस भरले. आणि थोड्याच घावांत बुश, जणू आपण होऊनच, दांड्यावरून बाहेर सरकू लागला. ब्लेझ पास्कलने सतराव्या शतकात द्रवांच्या समतोलावर जो निबंध लिहिला, आणि जो त्याच्या मृत्यूनंतर १६६३ मध्ये प्रसिद्ध झाला, त्याचे हे प्रात्यक्षिक होते: कोंडलेल्या द्रवावर टाकलेला दाब सर्व दिशांना सारखाच पोचतो, म्हणून पुढे ठोकलेल्या दांड्याचा जोर ग्रीसमार्गे बुशाच्या मागच्या कडेवर उलटा फिरतो. ग्रीसऐवजी ओला पाव किंवा भिजवलेला कागद वापरणारेही आहेत, आणि तोही चालतो, कारण निसर्गनियमाला पदार्थाशी नव्हे, दाबाशी कर्तव्य असते. नंतर ते भोक रॉकेलने आणि चिंध्यांनी कोरडे लख्ख करावे लागले. मागे ग्रीस उरले तर नवा बुश तळापर्यंत बसत नाही, आणि पुढे इंजिन तापल्यावर तेच ग्रीस प्लेटवर उडून क्लच घसरू लागतो.

नवा बुश घेण्यासाठी आम्ही सुट्या भागांच्या दुकानी गेलो, आणि तेथे मिस्त्रींनी खिशातून लोहचुंबक काढले. दुकानदाराने काढून दिलेल्या पहिल्या बुशाला ते चटकन चिकटले. रंग कांस्यासारखा, पण भुकटीत लोखंड मिसळलेले. असा बुश स्वतः झिजण्याऐवजी क्लच शाफ्टचे नाक खातो, आणि मग बुशाची बचत शाफ्टच्या किमतीने भरून द्यावी लागते. दुसऱ्या पुड्यातला चिकटला नाही, तो घेतला. हा ओतीव धातूचा नसतो, हे पुष्कळांना ठाऊक नसते. तांबे सुमारे नव्वद टक्के आणि कथील सुमारे दहा टक्के अशी भुकटी साच्यात दाबून, वितळण्याच्या अलीकडच्या उष्णतेत भाजली म्हणजे कण एकमेकांस चिकटतात, पण मधली सूक्ष्म छिद्रे मोकळी राहतात. त्या छिद्रांत निर्वात यंत्राने तेल मुरवले जाते. अमेरिकेत क्रायस्लर कंपनीने १९३० च्या सुमारास ही कृती व्यापारी पातळीवर आणली. घर्षणाने ऊब आली की माठातून पाणी पाझरावे तसे तेल पृष्ठभागावर येते, आणि थंड झाल्यावर बरेचसे पुन्हा आत ओढले जाते. म्हणूनच अशा बुशाला ग्रीस लावणे म्हणजे त्याची छिद्रे बुजवणे, आणि त्याचे भोक रीमरने खरवडणे म्हणजे तीच छिद्रे धातूने सारवणे. जुना बुश अकाली का गेला याचा अर्धा उलगडा येथे झाला, कारण पूर्वी कोठल्याशा गॅरेजात कोणी प्रेमाने त्यात ग्रीस कोंबले होते.

या बाबतीत उद्यमनगरात दोन पंथ आहेत. शेजारच्या लेथवरील टर्नर गनमेटलचा सळई-तुकडा धरून हव्या त्या मापाचा बुश थोड्या वेळात कातून देतो. शाफ्टचे नाक झिजून बारीक झालेले असेल किंवा क्रँकचे भोक मोठे झालेले असेल तर तयार बुश निरुपयोगी असतो आणि त्याच टर्नरच्या हाताला पर्याय नसतो. परंतु त्याच्या बुशात तेल धरून ठेवण्याची छिद्रे नाहीत. त्याला थोडे वंगण घालावेच लागते आणि ते संपले की संपले. मिस्त्रींचा कौल स्पष्ट होता: माप जुळत असेल तर तयार बुश, माप गेले असेल तर टर्नर. मला हा निवाडा पटला, जरी टर्नरचे म्हणणे ऐकताना, तोही आपल्या जागी इतका ठाम होता की, पंचाने दोघांनाही मानाचे पान द्यावे असे वाटले.

बसवण्यापूर्वी बुश रात्रभर इंजिन ऑइलमध्ये बुडवून ठेवण्यात आला. सकाळी मिस्त्रींनी त्यात तेल भरले, खालून तर्जनी आणि वरून अंगठा लावून दाबले, आणि बाहेरच्या पृष्ठभागावर घामाचे थेंब यावेत तसे बारीक थेंब आले. छिद्रे मोकळी आहेत याची ती खूण. मग पायरी कातलेल्या दांड्यावर बुश चढवून, उतार पाडलेली कड गिअरबॉक्सकडे येईल अशी दिशा ठेवून, अगदी सरळ हलक्या घावांनी तो आत बसवला. ठोकल्यावर बुश थोडा आवळतो, म्हणून जुन्या शाफ्टचे नाक त्यात घालून पाहणे आवश्यक असते: ते अंगच्या वजनाने पडू नये आणि जोर लावावा लागू नये. गाडीच्या स्वतःच्या शाफ्टचे नाक किंचित खरखरीत झाले होते. बारीक पॉलिश पेपरने ते साफ करून त्याचे माप घेतले आणि ते चालण्याजोगे ठरले. क्लच प्लेट मध्यावर धरण्याचे काम पुन्हा त्याच मोडक्या शाफ्टने केले, प्रेशर प्लेटचे बोल्ट समोरासमोरच्या जोड्यांनी थोडे थोडे आवळले. प्लेट अशी मध्यावर न धरल्यास वर आलेला जड गिअरबॉक्स कितीही रेटला तरी शेवटचा बोटभर आत जात नाही, आणि घायकुतीला आलेले लोक मग बोल्ट आवळून तो ओढून घेतात. त्यातूनच नव्या बुशाचे मरण लिहिले जाते.

जुन्या बुशाच्या मरणाचे दुसरे अर्धे कारण बेल हाउसिंगपाशी सापडले. इंजिनाला भिडणाऱ्या त्याच्या पृष्ठभागावर जुन्या रंगाचे पापुद्रे आणि गंजाची खपली तशीच होती. कागदाएवढी ती जाडी एका बाजूस आली म्हणजे बेल हाउसिंग तिरके बसते, गिअरबॉक्सचा अक्ष आणि क्रँकचा अक्ष एका रेषेत राहत नाहीत, आणि बुशाला विसाव्याच्या वेळी जे थोडे काम असते ते चालत्या गाडीतही अखंड सोसावे लागते. ती अंडाकृती झीज त्याची साक्ष होती. पृष्ठभाग घासून घेतल्यावर मिस्त्रींनी क्रँकवर डायल गेज लावून फ्लायव्हील हाताने फिरवले आणि काटा हलतो किती ते पाहिले. जुन्या अ‍ॅम्बॅसेडरच्या इंजिनातही असाच बुश असतो आणि तेथेही हेच पथ्य. पुढच्या चाकांनी ओढल्या जाणाऱ्या अनेक नव्या गाड्यांत मात्र क्लच शाफ्टला गिअरबॉक्सच्या आतच दोन्ही टोकांना आधार दिलेला असतो, आणि पायलटची ही जागाच उरलेली नाही.

संध्याकाळी वहीत हिशेब मांडला गेला. क्लच प्लेट अजून चालण्याजोगी होती, ती बदलली नाही; रिलीज बेअरिंग मात्र गिअरबॉक्स उतरलेलाच आहे म्हणून नवे घातले. मेहनतान्याचा आकडा सर्वांत मोठा होता, आणि ज्याच्यासाठी सारा खटाटोप झाला त्या बुशाची रक्कम तेल, रॉकेल आणि चिंध्यांसह ‘किरकोळ’ या सदरात गेली. मालकांनी गाडी चालवून पाहिली, पहिला गिअर मुकाट्याने पडला, आणि मग त्यांनी तो प्रश्न विचारला जो सर्वच मालक विचारतात.

“आता हे किती वर्सं चालंल?”

“ते तुमच्या डाव्या पायावर हाय, मालक. कारखान्याच्या काट्यावर रांगेत उभं ऱ्हाता तवा गिअरमधी क्लच दाबून बसू नका. न्यूट्रल करा, पाय काढा.”

“अवो, पण रांग सारखी पुढं सरकती. करूळच्या घाटात तर पाय काढायला मिळतच न्हाई.”

“मग इकडं येत ऱ्हावा,” मिस्त्री म्हणाले, आणि वहीतल्या आकड्यांखाली सही करण्यासाठी कानावरची पेन्सिल काढली.